एका दसऱ्याचा महापौर

(महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त रविवार, ३० नोव्हेंबर २०२५ रोजी म्हैसूरमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



परवा, २८ तारखेला, जोतीरावांचा स्मृतिदिन झाला. त्या दिवशी आपण त्यांच्या शाळांबद्दल आणि सत्यशोधक समाजाबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? १८७६ पासून पुढची काही वर्षं ते तिथे होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं. अध्यक्षांनी एक हजार रुपयांचा खर्च मांडला. सभागृहात बत्तीस सभासद होते. त्यांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज मला नगरपालिकेतल्या जोतीरावांबद्दलच बोलायचं आहे, आणि ते आपण राहतो त्या म्हैसूर शहराच्या निमित्ताने. आपल्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर आहेत, मीही आहे. सोलापूर जिल्ह्यातून मी २०१७ साली मानसगंगोत्रीत एम.ए. करायला आले आणि इथेच राहिले. आल्याच्या पुढच्या वर्षी इथली महापालिकेची निवडणूक पाहिली आणि मला एक प्रश्न पडला. जगात कुठेही महापौराची निवडणूक असली की एक गोष्ट हमखास दिसते. खुर्चीवर बसलेला माणूस लोकांपुढे येतो आणि म्हणतो, मी एवढं केलं, अजून एवढं राहिलंय, मला पुन्हा निवडून द्या. लोक त्याचा हिशोब करतात. लंडनचे महापौर सादिक खान बस ड्रायव्हरचे चिरंजीव. २०१६, २०२१ आणि २०२४ असे तीनदा लोकांसमोर गेले आणि तीनदा निवडून आले. त्यांचं काम पटो न पटो, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी त्यांना आधीच्या कामाचा जाब द्यावा लागला.

म्हैसूरमध्ये असा महापौर मला एकदाही दिसला नाही. मला पुन्हा निवडून द्या असं म्हणणारा महापौर या शहरात का तयार होत नाही, हा आजचा विषय आहे. आणि तो आपल्याशी, म्हणजे आरक्षणामुळे सत्तेच्या दारापर्यंत पोहोचलेल्या समाजाशी, कसा जोडलेला आहे, ते मला सांगायचं आहे.

पाच वर्षं, पाच महापौर

आधी वस्तुस्थिती पाहू. म्हैसूर महानगरपालिकेत ६५ प्रभाग आहेत. नगरसेवक लोक निवडतात, महापौर मात्र लोक निवडत नाहीत. सभागृहात नगरसेवक हात वर करून महापौर ठरवतात आणि त्यांच्याबरोबर या भागातले आमदार, विधान परिषदेचे सदस्य आणि खासदार यांनाही मत असतं. कर्नाटकाच्या १९७६ च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे महापौराची मुदत एक वर्ष. हे पद चक्रानुक्रमे राखीव असतं. एका वर्षी खुला प्रवर्ग, मग महिला, मग मागासवर्ग, मग अनुसूचित जाती, असं ते फिरत राहतं, आणि कुठल्या शहरात कुठला प्रवर्ग हे राज्य सरकार ठरवतं.

२०१८ च्या निवडणुकीचा निकाल ३ सप्टेंबरला लागला. भाजप सर्वात मोठा पक्ष, पण बहुमत कुणालाच नाही. आरक्षणाच्या यादीवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि नवा महापौर बसायला १७ नोव्हेंबर उजाडला. काँग्रेस आणि जेडीएसने मिळून पुष्पलता जगन्नाथ यांना महापौर केलं. जानेवारी २०२० मध्ये जेडीएसच्या तस्नीम आल्या, शहराच्या पहिल्या मुस्लिम महिला महापौर. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेडीएसच्याच रुक्मिणी मादेगौडा आल्या. मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रावरून त्यांचं नगरसेवकपदच मे महिन्यात हायकोर्टाच्या निकालाने गेलं, आणि उपमहापौर अन्वर बेग यांनी काही महिने प्रभारी म्हणून काम पाहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुनंदा पालनेत्र निवडून आल्या, म्हैसूरमधल्या भाजपच्या पहिल्या महापौर. सप्टेंबर २०२२ मध्ये भाजपचेच शिवकुमार आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली.

पाच वर्षांत पाच महापौर झाले, त्यांतल्या पहिल्या चार बायका. कागदावर पाहिलं तर वाटतं, काय सुंदर प्रतिनिधित्व आहे! पण यातला एकही महापौर आपल्याच कामाचा हिशोब घेऊन पुन्हा त्या खुर्चीसाठी उभा राहिला नाही.

तारखांकडे पुन्हा एकदा लक्ष द्या. नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, ऑगस्ट, सप्टेंबर. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे जो महापौर बसतो तो आधीच्या माणसाने केलेल्या अंदाजपत्रकावर बसतो. स्वतःचं अंदाजपत्रक मांडेपर्यंत त्याचं निम्मं वर्ष जातं. त्यात ठेवलेला पैसा खर्च झाला की नाही हे कळायच्या आत तो पायउतार झालेला असतो. तस्नीम जानेवारी २०२० मध्ये आल्या आणि दोन महिन्यांत कोरोना आला. त्यांचं वर्ष त्यातच गेलं. त्यांनी काय केलं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

घोडा

म्हैसूरचा दसरा तुम्ही पाहिला आहे. जंबू सवारीत हत्तीवर सोन्याची अंबारी असते, आणि मिरवणुकीत शहराचा महापौर घोड्यावर बसून जातो. त्यासाठी आधी काही दिवस घोडेस्वारीचा सराव करावा लागतो. डोक्यावर म्हैसुरी पेटा, अंगावर महापौराचा झगा. पुष्पलता जगन्नाथ २०१९ च्या दसऱ्यात घोड्यावर होत्या.

या दृश्याकडे आपण सहज पाहू शकत नाही. आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आजही देशात कुठे ना कुठे दगडफेक होते, वरातीला पोलीस बंदोबस्त मागावा लागतो. आणि इथे राजाच्या राजधानीत, राजाच्या मिरवणुकीत, संविधानातल्या एका कलमामुळे आपल्या वस्तीतला माणूस घोड्यावर बसू शकतो. अनुच्छेद २४३ टी. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेलं, १ जून १९९३ पासून लागू झालेलं. नगरसेवकांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आरक्षण, महिलांना किमान एक तृतीयांश, आणि अध्यक्ष-महापौर या पदांवरही राज्याच्या कायद्याप्रमाणे आरक्षण. २०१० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने के. कृष्णमूर्ती खटल्यात हे पदांचं आरक्षण वैध ठरवलं. त्या घोड्याला मी कमी लेखत नाही. माझ्या आजोबांना गावच्या वेशीतून चप्पल हातात घेऊन जावं लागायचं. त्यांना ते दृश्य दाखवायला मला फार आवडलं असतं.

पण घोडा एका दसऱ्यापुरता असतो, आणि कधीकधी तोही मिळत नाही. जानेवारी २०१८ मध्ये महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव होतं. सिद्धरामय्या मुख्यमंत्री, आणि हा त्यांचा स्वतःचा जिल्हा. काँग्रेसने एक नाव ठरवलं. काँग्रेसच्याच नगरसेविका बी. भाग्यवती बंड करून उभ्या राहिल्या आणि जेडीएस-भाजपच्या पाठिंब्याने निवडून आल्या. सगळ्या वर्तमानपत्रांत चर्चा कसली झाली? मुख्यमंत्र्यांना घरच्या मैदानात धक्का. एका दलित बाईला शहराचं पहिलं पद मिळालं, ती काय करणार आहे, तिच्या मनात कुठल्या वस्त्या आहेत, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. आणि त्या सभागृहाची मुदत त्याच वर्षी संपली. सप्टेंबरमध्ये नव्या निवडणुकीचा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये नवा महापौर बसला. मधल्या ऑक्टोबरमधल्या दसऱ्याला शहराला महापौरच नव्हता. म्हणजे अनुसूचित जातीच्या महिलेच्या वाट्याला आलेल्या वर्षात घोडासुद्धा आला नाही.

तुलनेसाठी सांगते, शिवकुमार यांना २०२२ आणि २०२३ असे दोन दसरे मिळाले. त्यांचं वर्ष सभागृहाच्या शेवटापर्यंत लांबलं. मुदत अशी लांबते आणि आखूडते, आणि कुणाच्या वाट्याला काय येतं ते कोर्टाच्या तारखा आणि सरकारची सोय यांवर ठरतं.

सत्ता कुणाकडे

आता कुणी म्हणेल, महापौर बदलले तर बदलू देत, काम तर होतंच ना? काम कोण करतं ते पाहा. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. ते सरकार नेमतं. महापौर सभा चालवतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, फीत कापतो. स्थायी समित्या चार, त्यांचीही मुदत वर्षाची. त्यांतली एक आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय अशी एकत्र समिती आहे. घरासाठीच्या जागांचं वाटप तर महापालिकेकडे नाहीच. ते मुडाकडे, म्हणजे म्हैसूर नगरविकास प्राधिकरणाकडे होतं. २०२४ साली त्याच जागांवरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. जिथे जमीन आणि पैसा, तिथे नेमणूक. जिथे झगा आणि घोडा, तिथे आरक्षण.

एक वर्षासाठी आलेल्या महापौराला अधिकारी गांभीर्याने का घेतील? फाईल चार महिने टेबलावर राहिली तरी चालतं, कारण तोपर्यंत महापौराचे दिवस भरत आलेले असतात. पक्षाचा आमदार मात्र पाच वर्षं असतो, त्याला महापौराच्या निवडणुकीत मतही असतं, आणि पुढच्या वर्षी कुणाला बसवायचं हे त्याच्या मतानेच ठरतं. मग महापौर कुणाचं ऐकणार? प्रभागातल्या लोकांचं की आमदाराचं?

यावर आपल्या घरातले शिकलेले लोकही एक वाक्य सहज बोलून जातात, की राखीव जागेवर आलेले लोक काही करत नाहीत, त्यांचे नवरे आणि नेतेच कारभार चालवतात. मी हे वाक्य वर्गात ऐकलंय, ऑफिसात ऐकलंय, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही वाचलंय. माझं म्हणणं आहे की दोष आरक्षणाला देऊ नका, मुदतीकडे बोट दाखवा. देशातल्या सगळ्यात हुशार माणसाला बिनअधिकाराच्या खुर्चीवर बारा महिने बसवा आणि मग विचारा काय केलंस. खुल्या प्रवर्गातून आलेल्या महापौरांनी एका वर्षात काय दिवे लावले, हे कुणी विचारत नाही. प्रश्न फक्त आपल्यालाच येतो.

'सगळ्यांना संधी' या शब्दाचा हिशोब

एक वर्षाच्या मुदतीच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो आपल्यापैकी अनेकांना पटतो. एक वर्ष असलं की जास्त समाजांना संधी मिळते. पाच वर्षं केली तर आपला नंबर कधी येणार? हा प्रश्न खोटा नाही. आपण रांगेत शेवटी उभे राहिलेलो लोक आहोत, त्यामुळे नंबराची काळजी आपल्याला असणारच.

पण थोडं गणित करू. आरक्षणाचं हे चक्र एका शहरापुरतं नाही, राज्यातल्या सगळ्या महापालिका एकत्र धरून ते ठरतं. हिशोबासाठी बंगळूर सोडून दहा महापालिका धरू. म्हैसूर, हुबळी-धारवाड, बेळगाव, मंगळूर, कलबुर्गी वगैरे. एक वर्षाची मुदत असेल तर पाच वर्षांत महापौरपदाच्या पन्नास पाळ्या होतात. त्यांतल्या पंधरा टक्के अनुसूचित जातींना धरल्या तर साडेसात पाळ्या, प्रत्येकी एक वर्ष. एकूण साडेसात वर्षं. आता मुदत अडीच वर्षं करा. पाच वर्षांत वीस पाळ्या. त्यांतल्या पंधरा टक्के म्हणजे तीन. तीन गुणिले अडीच किती? साडेसात वर्षं. सत्तेतला वेळ तेवढाच राहतो. कमी होतात ते फक्त भिंतीवरचे फोटो. आणि त्या तिघांना अंदाजपत्रक मांडायला, खर्च करायला आणि उत्तर द्यायला वेळ मिळतो.

मग फोटो जास्त असण्यात फायदा कुणाचा? पक्षाचा. पाच नाराज नगरसेवकांना पाच वर्षांत गप्प करता येतं. समाजाला सांगता येतं, तुमचाही केला होता ना महापौर. बेळगावचं उदाहरण आपल्याला जवळचं. २०२४ साली तिथलं महापौरपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव झालं आणि सविता कांबळे महापौर झाल्या. पुढच्या वर्षी पद दुसऱ्या प्रवर्गात गेलं. कायद्याने अनुसूचित जातीची बाई खुल्या जागेवरही उभी राहू शकते, तिला कुणी अडवलेलं नाही. पण किती पक्षांनी अशी बाई खुल्या वर्षी उभी केली? राखीव वर्षी आपण त्यांना आठवतो आणि खुल्या वर्षी विसरायला होतं. ही सवय लागते कारण तिने केलेल्या कामाची नोंद तयार व्हायच्या आतच तिचं वर्ष संपतं. कामाची नोंद असती तर खुल्या जागेवरही तिकीट मागता आलं असतं.

आणि हे बदलता येत नाही असंही नाही. बंगळूरसाठी कर्नाटकानेच २०२० च्या कायद्यात महापौराची मुदत तीस महिने केली, आणि नव्या ग्रेटर बंगळूर कायद्यातही तीच ठेवली. महाराष्ट्रात पूर्वी एक वर्ष होतं, आता अडीच वर्षं आहे. म्हणजे राजधानीला तीस महिने कळतात. म्हैसूर-बेळगावला का नाही?

काहीजण म्हणतील, थेट लोकांतूनच महापौर निवडा, पाच वर्षांसाठी. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशात तसंच आहे. महाराष्ट्रात परवा, २ डिसेंबरला, नगरपरिषदांचं मतदान आहे आणि तिथेही नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडला जाणार आहे. त्यात हिशोब मागता येतो, हे खरं. पण आपण पुणे करार विसरलेलो नाही. २४ सप्टेंबर १९३२ नंतर राखीव जागेवरचा माणूस सगळ्यांच्या मतांवर निवडून येतो. संपूर्ण शहराची मतं घ्यायची तर पैसा लागतो, आणि शहरात ज्यांची संख्या आणि पैसा जास्त त्यांना रुचेल असाच आपला माणूस निवडून येण्याची शक्यता वाढते. बाबासाहेबांना हीच भीती होती. म्हणून मी थेट निवडणुकीवर लगेच टाळ्या वाजवत नाही. आधी मुदत वाढवा, खर्चाचे अधिकार द्या, मग निवडीच्या पद्धतीवर बोलू.

रिकामी खुर्ची

हा सगळा वाद खुर्चीवर कुणीतरी असेल तेव्हाचा. आज म्हैसूरमध्ये महापौर नाही. नोव्हेंबर २०२३ पासून प्रशासक आहे. दोन वर्षं होऊन गेली. दोन दसरे महापौराशिवाय झाले. बंगळूरमध्ये सप्टेंबर २०२० पासून निवडून आलेलं सभागृह नाही. मुंबईत मार्च २०२२ पासून नाही. महाराष्ट्रातल्या निवडणुकांसाठी सुप्रीम कोर्टाला ६ मे २०२५ ला आदेश द्यावा लागला.

संविधानाचा अनुच्छेद २४३ यू वाचा. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना सरकारं वर्षानुवर्षं निवडणूक टाळतात. कारणं ठरलेली आहेत: प्रभागरचना, हद्दवाढ, आरक्षणाची यादी. ओबीसी आरक्षणाचा वाद असेल तर त्याच्यासाठी आकडेवारी गोळा करणं हे सरकारचं काम होतं, ते वेळेत केलं नाही आणि दोष ओबीसींच्या माथी आला.

निवडणूक नसली की आरक्षणही नसतं, हे लक्षात घ्या. प्रशासकाच्या नेमणुकीला २४३ टी लागू होत नाही. ६५ नगरसेवकांमध्ये आपले जे असतात, बायका ज्या निम्म्या असतात, त्या सगळ्यांची जागा एक अधिकारी घेतो. कायदा न बदलता, एकाही भाषणाशिवाय, एका सहीने आरक्षण थांबतं. मोर्चा निघत नाही, कारण काही काढून घेतलंय असं दिसतच नाही.

झाडू आणि पारितोषिक

हे कुणाला भोगावं लागतं? २०१६ साली स्वच्छ सर्वेक्षणात म्हैसूर ७३ शहरांमध्ये पहिलं आलं. सगळ्या देशाने कौतुक केलं. पहाटे शहर झाडणारे पौरकार्मिक कुठल्या जातीचे आहेत, ते तुम्हाला मी सांगायला नको. कर्नाटकभर पौरकार्मिकांना ठेकेदाराच्या हाताखालून सुटून थेट पगारासाठी आणि कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षं लढावं लागलं. २०२२ च्या जुलैमध्ये त्यांनी राज्यभर काम बंद ठेवलं तेव्हा सरकार हललं. त्या चळवळीतले एक नेते नारायण हे म्हैसूरचे माजी महापौर. त्यांचं महापौरपद कधीच संपलं, पण पौरकार्मिकांच्या संघटनेतलं काम चालू राहिलं. मला त्यातून एवढंच कळतं की खुर्चीने जे दिलं नाही ते संघटनेने मिळवलं. पण खुर्ची आणि संघटना दोन्ही एकत्र असत्या तर किती वर्षं वाचली असती?

याच शहराशी जोडलेलं दुसरं नाव बी. बसवलिंगप्पा. देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात नगरप्रशासन खातं त्यांच्याकडे होतं. डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर त्यांनी बंदी आणली. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये इथेच, म्हैसूरमध्ये, त्यांनी कन्नड साहित्यातलं बरंचसं 'बूसा', म्हणजे गुरांचं खाद्य, असल्याचं म्हटलं. राज्यभर दंगे झाले, दलित विद्यार्थ्यांना मार बसला, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्या आगीतून कर्नाटकातली दलित संघर्ष समिती उभी राहिली. आपल्याकडे पँथर १९७२ ची, म्हणजे हे सगळं एकाच काळातलं. त्या माणसाकडे खातं होतं तेवढ्या काळात त्याने डोक्यावरची पाटी उतरवली. अधिकार हातात असला की आपली माणसं काय करतात, याचा हा पुरावा आहे.

आणि नगरपालिकेचा ठराव किती मोठा असतो हे महाडने आपल्याला शिकवलं. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तो ठराव कागदावर राहिला म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तळ्यावर जावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि कोर्टातला लढा १९३७ पर्यंत चालला. ठराव करणं, तो अमलात आणणं आणि तो टिकवणं ही तीन वेगळी कामं आहेत. एक वर्षाच्या महापौराला फार तर पहिलं जमतं.

आपण काय करायचं

मी इथे कुणाला निवडणूक लढवा असं सांगायला आलेली नाही. लढवली तर आनंदच आहे. मद्रासला १९४५ साली एन. शिवराज आणि मुंबईला १९५९ साली पी. टी. बोराळे महापौर झाले. दोघेही आपल्या चळवळीतले, दोघेही वकील, शिकलेले. पण आज इथे बसलेल्या प्रत्येकाला करता येतील अशी तीन कामं आहेत.

पहिलं, अंदाजपत्रक वाचा. कर्नाटकातल्या प्रत्येक नगरपालिकेने स्वतःच्या निधीतला २४.१० टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळा ठेवायचा असतो. शिक्षणासाठीची मदतही त्यातूनच मिळते. सभागृह नसताना हा पैसा कुठल्या वस्तीत, कशावर खर्च झाला? माहिती अधिकारात एक अर्ज करा. इंग्रजीत जमत नसेल तर कन्नडमधल्या मित्राला घ्या. आपल्या घरात हिशोबाची वही कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून सावकाराने पिढ्या लुटल्या. ती वही वाचता यावी म्हणून जोतीरावांनी शाळा काढल्या होत्या.

दुसरं, प्रभागरचना आणि आरक्षणाचा मसुदा जाहीर होतो तेव्हा हरकती मागवतात. मुदत थोड्या दिवसांची असते. आपल्या वस्त्या दोन-तीन प्रभागांत कशा कापल्या जातात ते नकाशावरच दिसतं. त्या वेळी हरकत घेणारा पदवीधर वस्तीत हवा. निकालानंतर रडून उपयोग नाही. कागदपत्रांचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये मागासवर्गीय महिलेसाठी राखीव असलेल्या उपमहापौरपदाच्या निवडणुकीत जेडीएसच्या उमेदवाराचा अर्ज जातीचं प्रमाणपत्र जोडलं नाही म्हणून बाद झाला. एका कागदावर पद गेलं. असा कागद वेळेत तपासणारं माणूस प्रत्येक वस्तीत असायला हवं, आणि ते आपण असू शकतो.

तिसरं, मागणी नीट मांडा. निवडणूक वेळेवर घ्या. महापौराला किमान तीस महिने द्या. खर्चावर अधिकार द्या. आणि राखीव वर्षी निवडून आलेल्या बाईने चांगलं काम केलं तर खुल्या वर्षी तिला तिकीट द्या. पक्ष कुठलाही असो, मत मागायला आला की हेच विचारा.

आपल्याला खुर्ची मिळाली, पण हिशोब देण्याचा आणि पुन्हा मत मागण्याचा हक्क मिळाला नाही. मला पुन्हा निवडून द्या असं म्हणणारी आपली बाई या शहरात एकदा तरी उभी राहिली पाहिजे. ती जिंकेल किंवा हरेल. पण त्या दिवशी लोक तिला तिच्या जातीवरून न ओळखता तिच्या गटारांवरून, दिव्यांवरून, शाळांवरून आणि पौरकार्मिकांच्या पगारावरून जोखतील. बत्तीसांत एकटं मत देणाऱ्या माणसाचा वारसा आपण सांगतो. तो सांगायचा तर सभागृह भरलेलं हवं, आणि आत आपला माणूस एका दसऱ्यापेक्षा जास्त काळ बसलेला हवा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.